तेल्हाऱ्याला नेलेला वाडगा

जपानहून परतणाऱ्या माणसाच्या सामानात काय असतं ते मला पाठ आहे. हाताचे पंखे, हिरव्या चहाची चॉकलेटं, शेजाऱ्यांसाठी चार की-चेन. दर खेपेला मीही तेच आणते. या खेपेला माझ्या मांडीवर पांढऱ्या लाकडाची एक हलकी पेटी होती. विमानातल्या मुलीने ती वरच्या कप्प्यात ठेवा म्हणून दोनदा सांगितलं, तरी मी ठेवली नाही. तिसऱ्यांदा ती आलीच नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून कंटाळली असावी.

पेटीत चहाचा एक वाडगा होता. तो मला अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याला, सुमनताई नावाच्या बाईंच्या हातात द्यायचा होता. त्यांच्या मुलाने, अमोलने, तो घडवला होता, आणि अमोल आता नव्हता.

अमोल माझा विद्यार्थी. तिकडच्या वृद्धाश्रमांत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जाणाऱ्या पोरापोरींना मी पुण्यात जपानी शिकवते. अमोलचे उच्चार शेवटपर्यंत वऱ्हाडीच राहिले. मी डोकं आपटून घेतलं, पण तिथल्या म्हाताऱ्यांना त्याच्या त्या रांगड्या जपानीचाच लळा लागला. त्यांतल्या नाकामुरा आजी तर त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून आंघोळही करून घेत नसत. त्या दिवसभर आश्रमात असत आणि संध्याकाळी घरी जात. घरी नवऱ्याच्या वेळची छोटी भट्टी होती, ती आता मुलगा चालवायचा. सुटीच्या दिवशी अमोल तिथे जाऊन माती मळायचा. एका सकाळी बर्फावरून त्याची सायकल घसरली आणि मागून ट्रक येत होता.

मी तेव्हा नव्या तुकडीला पोचवायला जपानातच होते. घरच्यांच्या संमतीने अंत्यविधी तिथेच झाला. अस्थी त्याच्या खोलीतल्या सोबत्याने गावी नेल्या, आणि अस्थी पोचल्या त्या दिवसापासून सुतक धरायचं असं तेल्हाऱ्यातल्या जाणत्यांनी ठरवलं. मी सुमनताईंना फोन केला तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"मॅडम, त्याच्या हातचं काई हाय का तथी? कपडे-मोबाईल नोको. थे विकत घेतलेलं हाय. हातचं काई असन तं आना."

मी आजींना विचारलं. अमोलने केलेला एक वाडगा त्यांच्याकडे वाळून पडला होता, भाजायचा राहिला होता. त्यांनी मुलाकडून तो भाजून घेतला आणि पेटीत घालून माझ्या हाती दिला.

अकोला

स्टेशनवर घ्यायला अमोलचे मामा आले होते. गजाननराव. पहिलंच वाक्य कानावर आलं, "उनीत कावून उभ्या राहिल्या? सावलीत यायले काय झालं?" पुण्याच्या कानाला हे भांडण वाटतं. तोवर त्यांनी माझी बॅग उचलून व्हॅनमध्ये टाकलीही होती, आणि पाण्याची गार बाटली माझ्या हातात दिली होती. पेटीही ते मागत होते. मी दिली नाही.

"सोनं हाय का काय त्याच्यात?" ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घाईने व्हॅन सुरू केली.

तेल्हाऱ्याच्या आधी जुन्या शहरात काम होतं. मोर्णा ओलांडली. नदी म्हणजे जलपर्णीचा हिरवा गालिचा आणि त्याखाली वास. पलीकडच्या गल्ल्यांत व्हॅन शिरेना, तेव्हा उतरून चाललो. एका कुंभाराच्या दारात माठांची उतरंड लागली होती. उन्हाळा तोंडावर आलेला, त्यामुळे गिऱ्हाईक बरंच होतं. मामांनी एक माठ आणि दोन झाकण्या घेतल्या. प्रत्येक माठ बोटाने वाजवून बघितला, दोन परत केले.

"आत्ता कशाला माठ?" मी विचारलं.

"परवा दहावा हाय ना. जुने जातेत, नवे येतेत. तुमच्याकडं नाई करत?"

आमच्याकडे फिल्टर आणि फ्रीज, मी म्हटलं, आणि सुतक आम्ही फोनवरच फेडतो. मामा हसले नाहीत. मलाही माझी ती वात्रट सवय त्या क्षणी आवडली नाही.

मग मी एक हौस केली. कुंभाराचा मातीतला जन्म, त्याला तरी कळेल, म्हणून पेटी उघडून वाडगा त्याच्यापुढे धरला. त्याने मानेत मोबाईल धरूनच पाहिलं. "याले रंग कावून नाई देला?" असं म्हणून तो पुन्हा फोनवरच्या माणसाशी भाड्याच्या टेम्पोबद्दल बोलू लागला. माझा विरस झाला. पण त्याने तरी का हुरळून जावं, त्याच्या अंगणात शंभर मडकी पडली होती.

निघताना मामांनी मला एका खानावळीत बसवलं. ज्वारीची भाकर, झुणका, कच्चा कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. "बहिनीच्या घरी चूल बंद हाय," ते म्हणाले. "शेजारचे डबे येऊन राहिले. थे तुमाले तिखट लागतीन. इथीच पोट भरून घ्या." ठेचा इथलाच एवढा तिखट होता की माझ्या डोळ्यांना धार लागली. मामांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि मान वळवून ते रस्त्याकडे बघत बसले. मी रडते आहे असं त्यांना वाटलं असणार. थोडं तसंही होतं.

तेल्हारा

रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं, उपटून ठेवलेल्या पऱ्हाटीचे, कपाशीच्या वाळल्या काड्यांचे, ढीग, आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. वर्गात अमोलने "माझं गाव" या विषयावर निबंध लिहिला होता, त्यात ही रेघ होती. मी त्यातल्या क्रियापदांच्या चुका काढल्या होत्या, रेघेकडे लक्ष दिलं नव्हतं.

सुमनताई बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. बारीक अंगाची, पन्नाशीची बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शिवणकामावर पोरं वाढवलेली. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर पांढरं फडकं टाकलेलं होतं. शेजारी त्यांची थोरली जाऊ होती, तिला घरादारात मोठीमाय म्हणतात. मुलगी वैशाली अमरावतीच्या सासरहून आलेली. मी पेटीची दोरी सोडली आणि वाडगा सुमनताईंच्या ओंजळीत ठेवला.

वाचकांनी हा वाडगा पाहिलेला नसणार, म्हणून सांगते. काळा, तव्यासारखा काळा, पण मंद झाक असलेला. चाकावर फिरवलेला नव्हे. मातीचा गोळा तळहातावर घेऊन बोटांनीच वर चढवत नेलेला. त्यामुळे काठ वरखाली आणि अंग खडबडीत. भट्टीतून तो लाल निखारा असतानाच चिमट्याने बाहेर काढतात. हातात घेतल्यावर वाटतो त्यापेक्षा खूप हलका लागतो. आणि करणाऱ्याची बोटं जिथे दाबली गेली ती जागा पुसून टाकत नाहीत, तशीच ठेवतात.

सुमनताईंनी तो फिरवून फिरवून पाहिला. बुडाजवळ एक खोलगट खूण होती. त्यांचा अंगठा तिथे गेला आणि थांबला.

"हा त्याचा हाय," त्या म्हणाल्या. "त्याचा अंगठा असाच चपटा होता. लहानपनी दारात चेंगरला होता."

त्यानंतर झोपेपर्यंत तो वाडगा त्यांनी खाली ठेवलाच नाही. शेजारणीने आणलेल्या डब्यातली भाकर त्यांनी एका हाताने खाल्ली. पाणी त्यातूनच प्यायल्या. रात्री तेवढा तो देवळीत, भिंतीतल्या लहानशा कोनाड्यात, ठेवला; जाग आली की पुन्हा हातात आणि अंगठा खुणेत. जपानच्या खेपांत चहाच्या समारंभांना गुडघे मोडून बसत मला पंचवीस वर्षं झाली, सगळ्या रीती मला येतात. एवढ्या जवळून वाडगा धरलेला मी तिथे कधी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, "तथी कसं करतेत जी, मानूस गेल्यावर?"

मी सांगितलं. दहनानंतर जवळची माणसं लांब काड्यांनी हाडं उचलतात, दोघं दोघं मिळून एक एक, आणि मडक्यात ठेवतात. म्हणून तिथे जेवताना एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देत नाहीत.

"अमोलचे कोनं उचलले?"

"त्याच्या सोबत्याने. आणि नाकामुरा आजींनी. त्यांचे हात कापतात, पण त्यांनी ऐकलं नाही."

"मंग थे बी त्याची मायच झाली," सुमनताई म्हणाल्या.

मोठीमाय हे सगळं दाराशी बसून ऐकत होती. सत्तरीची, ताठ कण्याची, घराचं सगळं सुतक तिनेच सांभाळलेलं. तिने हात लांब करून वाडगा मागितला, नखाने खरवडला आणि विचारलं, "कायचं हाय हे? चिनीमातीचं हाय का?"

आता चहाच्या समारंभात एक रीत अशी की चहा पिऊन झाल्यावर पाहुण्याने वाडग्याची चौकशी करायची. कुठला, कोणी केला, कशाचा. न विचारणं म्हणजे यजमानाचा अपमान. आणि यजमानाने मोकळेपणाने सांगायचं. मोठीमायने विचारलं तेव्हा माझ्यातली शिक्षिका खडबडून जागी झाली. मी म्हटलं, चिनीमाती नाही, काच नाही, साधी माती. चिनीमातीपेक्षा कमी आचेवर भाजलेली, म्हणून ती पाणी पिते. पिण्याआधी वाडगा हातात दोनदा फिरवतात; चहा आत मुरत जातो, वर्षानुवर्षं मुरतो, वाडग्याचा रंग बदलतो. आजी म्हणतात, ज्याने वापरला त्या माणसाचं काहीतरी त्यात राहून जातं.

"मुरते म्हंता?" मोठीमायने विचारलं.

"हो ना. तेच तर मोल आहे त्याचं."

तिने मान हलवली आणि वाडगा सुमनताईंना परत दिला. मला वाटलं, तिला पटलं.

दहावा

सकाळी पुरुष मंडळी नदीवर गेली. गल्लीतल्या बायका पदर खोचून आल्या आणि त्यांनी घर ताब्यात घेतलं. गोधड्या, चादरी, पडदे सगळं बाहेर. पितळ-स्टील चिंचेने आणि राखेने घासायला काढलेलं. एक जण भिंती पुसते आहे, एक जण शेण कालवते आहे. कोणी कोणाला विचारत नव्हतं, सांगत नव्हतं. आमच्या सोसायटीत असं काही झालं तर आधी व्हॉट्सॲपवर मतदान होईल. मला ते काम बघून खरंच बरं वाटत होतं, कारण दहा दिवसांची ती कोंदट हवा घरातून जाताना दिसत होती.

सुमनताईंना न्हाऊ घालायला दोघी-तिघी मागच्या अंगणात घेऊन गेल्या. मला तिथेच पाटावर बसवलं होतं, तांब्याने पाणी द्यायला. डोक्यावरून पाणी घेताना त्या मिटल्या डोळ्यांनी एवढंच म्हणाल्या, "आज त्याच्यात च्या पिऊ मॅडम. तुमी शिकवा मले, थे दोनदा फिरवाचं कसं असते थे."

ओल्या केसांनी त्या आत आल्या. देवळी रिकामी होती, पुसलेली, ओली. त्यांनी देवळीत हात फिरवला. मग खालच्या फळीवर पाहिलं. मग मशीनवरचं फडकं उचललं.

"इथी ठेवलं होतं म्या," त्या म्हणाल्या.

दारात मोठीमाय हात पुसत उभी होती. "मातीचं होतं थे, सुमन. माठासंगं गेलं."

मी म्हटलं, "कुठे गेलं?"

"गावाबाहीर. उकिरड्याच्या पल्याड. जथी सगळ्यायचे जातेत." तिच्या आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. "स्टीलचं असतं तं घासून ठेवलं असतं. काचेचं बी चालते. पन सुतकातलं मातीचं कसं ठेवाव, मॅडम? माती पिऊन घेते. तुमीच सांगतलं ना काल, मुरते म्हनून."

खरं होतं. कालच्या माझ्या त्या भाषणात, चिनीमाती आहे, एवढं एक वाक्य मी खोटं बोलले असते तर वाडगा घासून, पुसून देवळीत परत गेला असता. आजींनी जी गोष्ट मोलाची म्हणून सांगितली, तीच ऐकून मोठीमायने तो बाहेर काढला. दोघींनाही मातीचा तो गुण सारखाच ठाऊक होता.

मला मोठीमायचा भयंकर संताप आला. तो कुठेही ठेवता येईना, कारण तिने घराचं भलंच केलं होतं. अमोलला तिनेही खांद्यावर खेळवलं होतं.

सुमनताई दाराकडे निघाल्या. मोठीमायने त्यांचा दंड धरला. "न्हाऊन झाली तू. बाहीर काढलेलं पाहाले जाऊ नाई. मांगं फिरून पाह्यलं तं त्याचा जीव अटकते." सुमनताई थांबल्या. ओढल्या गेल्या नाहीत, आपणच थांबल्या. मग मशीनजवळ खाली बसल्या.

मला कोणी अडवलं नाही. मी ना नात्याची, ना गोत्याची. उकिरड्याच्या पलीकडे बाभळीखाली खापरांचा ढीग होता. तो गावाचाच ढीग, कितीतरी घरांचा, जुन्या खापरांवर गवत उगवलेलं. ठेवताना भांडं फोडून ठेवायचं असतं, दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणून. लाल तुकड्यांत काळे तुकडे लगेच दिसले. मी उन्हात बसून ते वेचले. बहुतेक बारीक झाले होते. बुडाजवळचा एक तुकडा तेवढा मोठा राहिला होता, आणि अंगठ्याची खूण त्याच्यात शाबूत होती.

तो घेऊन मी दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. मोठीमायचे डोळे उंबऱ्यावर होते. मलाही आत जायचा धीर झाला नाही. सुमनताई उठून आल्या. त्या आत, मी बाहेर. मी तळहात पुढे केला. त्यांनी तुकडा उचलला नाही, माझ्या हातातच राहू दिला आणि त्याच्यावर वाकून खुणेत अंगठा ठेवला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मागे बायका भांडी घासत होत्या, त्याही थांबल्या होत्या.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "घरात नाई घेता येत मले. आता घेतलं तं जन्मभर मनात येत राहीन का त्याले म्याच अडकून ठेवलं."

नदीवरून माणसं परत आली. मामांनी आणलेला नवा माठ भरला गेला. त्यातलं पाणी सगळ्यांनी प्यायलं, मीही प्यायले. कोऱ्या मातीचा वास होता त्याला.

अमरावती

परतीची गाडी मी अमरावतीहून पकडली, वैशालीसोबत. तिच्या मनात काहीतरी चाललं होतं हे मला बसमध्येच जाणवलं. शहरात पोचल्यावर तिने आग्रहाने एका गाड्यावर नेलं, इथला गिलावडा खाल्ल्याशिवाय जाऊ नका म्हणून. दह्यात बुडालेला मऊ वडा, वर तिखट. अमोल सुटीवर आला की आधी बहिणीकडे उतरायचा आणि दोन प्लेट खायचा, हे तिने सांगितलं. तिची स्वतःची प्लेट तशीच राहिली.

मी पर्समधून रुमालात गुंडाळलेला तुकडा काढला. "हा तू ठेव. तुझं घर वेगळं, तुझं सुतक वेगळं. तुला चालेल."

तिने रुमाल उघडला नाही. वरूनच चाचपला. "सासूबाई विचारतीन कायचं हाय," ती म्हणाली. "काय सांगू? भावाच्या दहाव्याचं फुटकं खापर? थ्या काई बोलनार नाईत, पन एखांद्या दिवशी थे आपोआप दिसाचं बंद होईन. दोनदा नाई सोसायचं मॅडम मले." तिने रुमाल माझ्या पर्समध्ये परत ठेवला, वर पर्सची चेनही लावली.

स्टेशनवर ती गाडी सुटेपर्यंत थांबली. खिडकीतून म्हणाली, "मोठीमायवर राग नोका धरू. काल रात्री थे मशीनजवळच झोपली, मायच्या पायाशी."

पुणे

घरी आल्यावर नाकामुरा आजींना फोन करणं मी बरेच दिवस टाळलं. शेवटी केला. वाडगा फुटला, असं सांगितलं, आणि कसा फुटला तेही.

"आमच्या गावातही फोडत असत," आजी म्हणाल्या. "मी लहान असताना. माणसाला दारातून बाहेर नेलं की त्याचा भाताचा वाडगा दारातच फोडायचा. म्हणजे तो भुकेला होऊन परत येत नाही." आणि मग, "अमोलचा मलाच फोडायला हवा होता. माझ्याने झालं नाही. म्हणून भाजून पाठवला."

हे मी सुमनताईंना फोनवर सांगितलं. त्यांना बरं वाटेल अशी माझी समजूत होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आमच्याच हातानं फोडाले धाडला का तिनं?"

तुकडा माझ्या टेबलावर आहे, शब्दकोशांच्या बाजूला. आठ-पंधरा दिवसांनी सुमनताईंचा फोन येतो. मशीन पुन्हा सुरू झालं आहे, ब्लाउज शिवायला येतात, सातपुड्याकडून वारा सुटला आहे, असं काहीबाही सांगतात. मग आवाज खाली करतात. जवळपास मोठीमाय असणार.

"हाय ना थे?"

"आहे."

"अंगठा लावा बरं त्याच्यात."

मी तुकडा उचलते आणि खुणेत अंगठा ठेवते. माझा अंगठा बारीक आहे, दोन्ही बाजूंना जागा उरते. ते मी त्यांना सांगत नाही.

"लावला," मी म्हणते.

"राहू द्या जरासा," त्या म्हणतात, आणि आम्ही दोघी काही न बोलता फोन कानाला धरून बसतो.